भोपळ्याशेजारचं खोकं

ज्वारी निघायला लागली की आमच्याकडे सगळेच खोकतात. ताटं उपटताना कणसांची बारीक कूस उडते, ती नाकात जाते, घशात बसते, मानेला चिकटते आणि अंघोळ केली तरी खाज जात नाही. गावात शिरलं की घराघरातून खोकल्याचे आवाज येतात आणि कुणी मान वर करून बघत नाही. परवा शाळा सुटल्यावर कळंबच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत उभी होते. शेजारी एक बाई तोंडाला पदर लावून खोकत होती. पिशवीतून ज्वारीची चार कणसं डोकावत होती. मी विचारलं, "किती दिवस झाले हो खोकल्याला?" ती हसून म्हणाली, "सुगीच हाय की ओ म्याडम!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बिचारीवर नव्हे. त्या शब्दांवर. मी तिला सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगितला, बेडका तपासून घ्या म्हणून बजावलं. ती दोन पावलं लांब सरकून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी फोनवर मंडळीच्या गटात निरोप आला. येत्या रविवारी सुगीचा सण. प्रत्येक कुटुंबाने आपल्या शेताचं पहिलं पीक घेऊन यावं. खाली दोन हात जोडलेले, चार कणसं, आणि त्याखाली ओळ: 'आपले जुने पाळकसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून येत आहेत.' मी फोन पालथा ठेवला. चहा उतू गेला तो तसाच राहिला.

आम्ही ख्रिस्ती. पणजोबांच्या वेळेपासून. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. गावाच्या टोकाला पत्र्याचं आमचं चर्च आहे, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, आणि आसपासची तीसेक घरं. सुगीच्या रविवारी त्या देवळाला जो वास येतो तो मला आंधळी झाले तरी ओळखता येईल. ज्वारीच्या हिरव्या-पिवळ्या पेंढ्या खांबांना बांधलेल्या. पुढच्या लांब टेबलावर करडईचं बोचकं, हरभऱ्याचे डहाळे, गुळाची ढेप, कुणाची अंडी, पाय बांधलेली कोंबडी, आणि लाल भोपळे. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब बोटांना लागते म्हणून पोरं ती चाटत बसतात. कोंबडी नेमकी प्रार्थनेत ओरडते. उपासना संपली की या साऱ्याचा लिलाव होतो. एकवार, दोनवार, तीनवार. आपलंच पीक आपणच चढी बोली लावून घरी न्यायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला लहानपणी वर्षातला हा सगळ्यात मोठा दिवस वाटायचा, नाताळापेक्षाही.

आता वाटत नाही. दहा सुग्या झाल्या, मी त्या टेबलापुढे उभी राहिलेली नाही.

माझी मोठी बहीण, अक्का, त्याच गावात दिलेली. दाजींची थोडी जमीन, दोन म्हशी. त्या वर्षी पावसाळ्यापासून ती वाळत चालली होती. खोकला, संध्याकाळचा ताप, घाम. तपासलं तर क्षय निघाला. सहा महिन्यांचा कोर्स. मंदाताई म्हणून आमच्याकडची आशा कार्यकर्ती, ती गोळ्या घरपोच आणून द्यायची, समोर उभी राहून गिळायला लावायची, "जीभ वर कर बघू" म्हणायची. अक्का चिडायची, "म्या काय लेकरू हाय व्हय?" पण गिळायची. दोन महिन्यांत तिच्या गालांवर रंग आला. खोकला थांबला. भाकरी दोनच्या तीन खायला लागली. ज्याला थोडंफार कळतं त्यानं सांगावं, हे कुणी केलं?

त्याच सुमारास, सुगीच्या आधीच्या आठवड्यात, पाळकसाहेबांनी देवळात आरोग्यासाठी प्रार्थना ठेवल्या होत्या. मी त्यांच्यावर चिडून आहे, पण खोटं लिहिणार नाही. ते भोंदू नव्हते. कुणाच्या घरी माणूस गेलं तर सगळ्यांत आधी सायकलवर पोचणारा तो माणूस. माझ्या डी.एड.च्या वेळी त्यांनीच फॉर्म भरून दिला. भोंदू असते तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मी मोकळी झाले असते. त्यांचा खरोखर विश्वास होता. पांगळ्याला छपरातून खाली सोडतात ती गोष्ट सांगताना ते बायबल मिटून ठेवायचे, शब्द न्‌ शब्द पाठ होता. येशूने आधी त्याला पापांची क्षमा केली आणि मग बरं केलं. म्हणजे बघा, पाळकसाहेब म्हणायचे, पाप गेलं की आजार गेला. त्यांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. अक्का रडली. तिला छातीत हलकं वाटलं. वाटणारच. दोन महिने गोळ्या पोटात गेल्या होत्या.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. देवाने तुमच्यासाठी काही केलं असेल तर रविवारी उभं राहून चारचौघांत सांगायचं. सुगीच्या रविवारी अक्का उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "म्या बरी झाले. प्रभूनं मला बरी केली." साऱ्या देवळानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग पाळकसाहेब म्हणाले, "ताई, बऱ्या झालात म्हणता, मग त्या गोळ्या कशाला आता? दोन धन्यांची चाकरी कशाला?" अक्का खाली बसली. बसल्या जागी पिशवीत हात घातला आणि पांढरं खोकं बाहेर काढलं. मंदाताईनं त्या आठवड्यातच दिलेलं, पुढच्या महिन्याच्या गोळ्या, वर बॉलपेननं अक्काचं नाव लिहिलेलं. ती चालत पुढे गेली आणि तिनं ते खोकं टेबलावर ठेवलं. आमच्या शेतातल्या लाल भोपळ्याच्या अगदी शेजारी. पहिलं पीक दिल्यासारखं.

टाळ्यांनी पत्रे दणाणले. मला आजही तो आवाज ऐकू येतो आणि आजही कुणाच्या तरी कानाखाली जाळ काढावा असं वाटतं. तीस घरं. चार शिकलेले मास्तर, एक कंपाउंडर. कंपाउंडर! तोही टाळ्या वाजवत होता. एकानंही म्हटलं नाही की अहो, कोर्स अर्धा आहे. विश्वास म्हणे. विश्वास असा स्वस्त असतो का, की दुसऱ्याच्या फुप्फुसावर ठेवावा?

लिलाव झाला. भोपळा निघाला तेव्हा मी टेबलापाशीच उभी होते. बोली चढत गेली, मीही हट्टाला पेटले आणि घेतला. खोक्याला हात लावला तर दिसेल, पाळकसाहेब काय म्हणतील, अक्काला कमीपणा येईल, असं काहीबाही डोक्यात येऊन गेलं. भोपळा पोटाशी धरून मी घरी आले. खोकं तिथंच राहिलं. नंतर कुणी फेकलं, कुठं फेकलं, मला माहीत नाही.

मंदाताई दोनदा घरी आली. अक्कानं तिला चहा पाजला आणि गोळ्या घ्यायला नकार दिला. "आता गोळी खाल्ली तर माझी साक्ष खोटी पडंल की गं," ती म्हणाली. मंदाताई माझ्याकडे कळंबला शाळेत आली, "म्याडम, तुम्ही तरी सांगा." मी सांगितलं. फोनवर. अक्का म्हणाली, "देवाफुडं बोललेलं परत घ्यायचं व्हय?" आणि मी आग्रह सोडला. ते सोपं होतं.

खोकला दिवाळीच्या आधी परतला. आणि मग जे सुरू झालं त्यानं माझं डोकं अजून फिरतं. बरी झालेली बाई परत आजारी कशी? तर देव चुकत नाही, पाळकसाहेब चुकत नाहीत, मग चुकली असणार अक्काच. बायका घरी येऊन बसायला लागल्या. मऊ आवाजात विचारायच्या, "ताई, कुठं काही राहिलंय का बघा. एखादं पाप मनात दडून बसलेलं." खोकणाऱ्या बाईच्या उशाशी बसून तिच्या पापांची चौकशी! असल्या वेळी माणसं अंगावर पांघरूण घालतात, पाणी तापवून देतात. यांनी तिला आठवायला लावलं.

आणि अक्का आठवत बसली. तिला पापं शोधायला केवढे कष्ट पडले! एक दिवस माझ्याकडे आली, पायरीवर बसली, दम खाल्ला आणि सांगायला लागली. लहानपणी सणाच्या पोळ्यांचं पुरण तिनं चोरून खाल्लं होतं आणि माझं नाव सांगितलं होतं. सासूला शेवटच्या दिवसांत एकदा पाणी द्यायला उशीर केला होता, मुद्दाम. "आनि तुझी नोकरी लागली तवा म्या जळाले, शालू. साळंला म्या बी हुशार हुते." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाताला बरगड्या लागत होत्या.

मग ती दारोदार निघाली. ज्याचं ज्याचं काही वाकडं केलं असेल त्याच्या पाया पडायला. तिच्या घरामागं हमीदाखाला राहतात, त्यांच्याशी पूर्वी कोंबडीवरून भांडण झालं होतं. अक्का त्यांच्या उंबऱ्यात जाऊन रडायला लागली. खाला कपाळावर हात मारून म्हणाल्या, "या अल्ला! ती मुर्गी मरून जमाना झाला गं. तू दवा खा, दवा. माफी बिफी मागून खोकला जात असता तर हकीम-डॉक्टर कशाला जन्माला आले असते?" त्या सबंध गावात शहाणं माणूस एकच होतं, आणि ते आमच्या देवळात येत नव्हतं.

पुढची सुगी आली तेव्हा अक्काला आडोसा मिळाला. सगळेच खोकत होते. कुणी विचारलं की ती म्हणायची, "कूस गेली घशात." दाजींनाही तेच. रक्ताचा पदर ती विहिरीवर एकटी धुवायची. मळणी यंत्रापाशी सूप धरून उभी असताना कोसळली, तेव्हा दाजींनी खालांच्या मुलाची जीप आणली आणि तिला धाराशिवला नेलं. साध्या गोळ्यांना आता तो रोग दाद देईना. मोठा उपचार सुरू झाला. दोन वर्षं. महिनोन्‌महिने रोज कमरेत सुई. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की या औषधानं काहींचे कान जातात, पण जीव वाचवायचा तर दुसरा इलाज नाही. जीव वाचला. कान गेले. हळूहळू गेले, आधी चिमण्या, मग एस.टी.चा हॉर्न, मग दाजी, मग मी.

तेव्हापासून अक्काच्या दाराला शाळेची पाटी टांगलेली असते. मीच आणून दिली. काही सांगायचं असेल तर लिहायचं. अक्का ओठ हलवत वाचते आणि बोलून उत्तर देते, पण आपला आवाज तिला ऐकू येत नाही, म्हणून ती सारं ओरडूनच बोलते. 'मीठ संपलं' हे चार घरांना कळतं. गल्लीतली पोरं हसतात. मी त्यांना हाणलंय एकदोनदा, शाळेतली बाई असून.

पाळकसाहेब निवृत्त झाल्यावर दोन वर्षांपूर्वी अक्काकडे आले. मी योगायोगानं तिथं होते. स्वयंपाकघरात पाटावर बसले, पाटी मागितली, लिहिलं, 'माझं चुकलं. मला क्षमा करा.' अक्कानं वाचलं. ओरडून म्हणाली, "केली की! चहा घ्या!" आणि साखर शोधायला लागली. मला तिथल्या तिथं पातेलं आपटावंसं वाटलं. चार महिने पापं आठवायला लावली, कान घेतले, आणि वर चहा! पाळकसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याही मनात काही राहू देऊ नका, बाई."

"खोकं तुम्ही सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायला लावलंत," मी म्हणाले, "आणि माफी स्वयंपाकघरात मागता?"

ते खाली बघून म्हणाले, "मंडळीत बोललो तर लोकांचा विश्वास डळमळेल."

"डळमळू द्या."

ते उठून गेले. मी पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की खडू मोडला: 'कशी केलीस क्षमा?' अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, "त्यांनी मागितली, म्या दिली. न मागता कुनाला देऊ?" आणि तशीच बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मला वाटलं, ती थकली असेल.

या रविवारी जायचं नाही असं मी ठरवलंच होतं. पण शनिवारी दाजींचा फोन आला आणि मागून अक्काचा आवाज, फोनची गरजच नव्हती: "शालूला म्हणावं यायचं! माझी पाटी कोन लिहिनार?" देवळात तिच्या शेजारी कुणीतरी बसून गीताचा नंबर, उपदेशाचा सारांश लिहून दाखवावा लागतो. मग गेले.

खांबांना पेंढ्या. हरभऱ्याची आंब. कोंबडी. सारं जागच्या जागी. टेबलावर भोपळेही होते, आणि एका भोपळ्याशेजारची जागा मोकळी होती. मला तिकडे बघवेना. लोक खोकत होते. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. म्हातारे झालेत, खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटाचा आकार शर्टावरून दिसत होता. विषय कोणता घ्यावा? क्षमा. आणि पुन्हा तीच छपरातून सोडलेल्या पांगळ्याची गोष्ट. मी दात आवळून बसले होते. अक्कानं कोपर मारलं. लिही की.

मी खडू घेतला. लिहिणार होते, 'क्षमेवर बोलत आहेत. पांगळ्याची गोष्ट.' आणि तेव्हा मला ते चौघे आठवले. त्या पांगळ्याला खाटेसकट उचलून आणणारे. आत शिरायला वाट नाही म्हणून ज्यांनी दुसऱ्याच्या घराचं छप्पर फोडलं. त्यांना लोक काय म्हणाले असतील! इतक्या वर्षांत कुणी त्यांच्यावर उपदेश केलेला मी ऐकला नाही. घरमालक ओरडला असेल, माती लोकांच्या डोक्यावर पडली असेल. त्यांना लाज वाटली नाही. आणि मी, मास्तरीण, सख्खी बहीण, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर ते खोकं होतं. दहा वर्षं मी मनातल्या मनात पाळकसाहेबांना दळते आहे, मंडळीला दळते आहे, त्या कंपाउंडरशी बोलत नाही. टाळ्या त्यांनी वाजवल्या हे खरं. खोकं उचलण्याइतकी जवळ मात्र फक्त मी होते.

पाटीवर मी लिहिलं: 'खोकं माझ्या हाताजवळ होतं. मला कळत होतं. मी उचललं नाही. मी भोपळा घेतला.'

अक्कानं पाटी मांडीवर घेतली. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत वाचलं. वर पाळकसाहेब हळू आवाजात काही सांगत होते. अक्कानं मान वर केली आणि तिला वाटलं की ती माझ्या कानाशी बोलते आहे.

"ठाव हाय की मला! म्या सारा वेळ तुझ्याकडंच बघत हुते! शालू उचलंल, शालू उचलंल म्हनून!"

पाळकसाहेब वाक्याच्या मधेच थांबले. पंखा तेवढा फिरत होता. पुढच्या बाकावरच्या बायका वळल्या. कंपाउंडर वळला. कुणाला न कळण्यासारखं काही नव्हतं, तो दिवस सगळ्यांना आठवत होता. मी इतकी वर्षं म्हणत होते, सगळ्यांसमोर बोला. घ्या, बोललं गेलं, आणि त्यात नाव माझं निघालं. पाळकसाहेबांनी टेबलाची कड धरली. मला त्यांचा राग अजून येतच होता, तो जाणारही नाही, पण त्या क्षणी आम्ही दोघं एकाच रांगेत उभे होतो आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

अक्काला शांतता ऐकू येत नाही. तिला फक्त वळलेले चेहरे दिसले. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं, काय झालंय म्हणून विचारलंही नाही. पदराच्या टोकानं पाटी स्वच्छ पुसली, अगदी कोपऱ्यांपर्यंत. मग माझ्या मांडीवर ठेवली आणि खडू माझ्या हातात दिला.

"लिही," ती ओरडली. "म्होरचं लिही. दहा सुग्या झाल्या वाट बघतेय म्या."

सारं देऊळ बघत होतं. मी पाटी जवळ ओढली आणि लिहायला लागले.